अकोला म्हणजे पंधरा बाइट

वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराने आपल्या बागेची वेबसाइट करायचे मनावर घेतले, की पहिली शंका ठरलेली : त्यासाठी कोडिंग यावे लागते का? थोडेसे. एका संध्याकाळी शिकता येईल एवढेच.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न प्रयोगशाळेतून जगातली पहिली वेबसाइट खुली केली. तिच्यात ना फोटो होते, ना सजावट; नुसता मजकूर आणि लिंका. वेबपान मुळात आजही तेच आहे. नोटपॅडमध्ये मजकूर लिहायचा. शीर्षक कोणते, परिच्छेद कुठला, याच्या खुणा एचटीएमएलमध्ये करायच्या आणि नावापुढे ‘डॉट एचटीएमएल’ लावून फाइल सेव्ह करायची. डबल क्लिक केले की ब्राउझर पान दाखवतो. इथवर इंटरनेटसुद्धा लागत नाही.

मराठी माणूस अडतो तो पुढे. ‘अकोला’ आपल्याला तीन अक्षरे दिसतात. संगणक मात्र अ, क, ओकाराची मात्रा, ल आणि काना असे पाच घटक मोजतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणजे अकोल्याला पंधरा. ही पद्धत वापरली आहे, हे फाइलच्या सुरुवातीला एका ओळीत सांगावे लागते. ती ओळ राहिली, तर ब्राउझर कधीकधी एकेक बाइट सुटा वाचतो आणि अकोल्याच्या जागी तिरपी रेघ डोक्यावर घेतलेले इंग्रजी ‘ए’ रांगेने उभे राहतात. फॉन्ट बिघडला म्हणून लोक उगाच नवे फॉन्ट टाकत बसतात!

एवढीही खटपट नको असेल, तर २००३ मध्ये आलेले वर्डप्रेस हे वेबसाइट बनवण्याचे तयार सॉफ्टवेअर आहे. जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी साधारण दोन त्यावर चालतात आणि त्याचा कारभार मराठीतूनही करता येतो. पण बागेचा पत्ता, बहार आणि फोन नंबर एवढेच सांगायचे, तर वर्डप्रेस म्हणजे नसता पसारा. अद्ययावत ठेवले नाही तर हॅकरांना आयतेच दार. असे साधे पान गिटहब पेजेस या सेवेवर फुकटात ठेवता येते.

फोटोंना मात्र हात आखडता घ्यावा. मोबाइलने काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. तो शंभर-दीडशे केबीपर्यंत आणला तरी संत्री तितकीच केशरी दिसतात. मेळघाटातल्या हरिसालला ‘डिजिटल गाव’ करताना टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग झाला होता. जिथे रेंजसाठी एवढे करावे लागते, तिथे जड पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही.

राहिले वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन. २०१४ पासून ‘डॉट भारत’ म्हणजे थेट देवनागरीतला पत्ताही मिळतो. कोणताही घ्या, तो विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीपुरता मिळतो. नूतनीकरण चुकले तर हातचा जातो. शिवाय बरेच जण वेबसाइट करून देणाऱ्याच्याच नावावर तो नोंदवू देतात. शेताच्या सातबाऱ्यावर आपण असे दुसऱ्याचे नाव चढू देऊ का? डोमेन घेताना मालक म्हणून स्वतःचे नाव आणि स्वतःचाच ईमेल द्या, आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.