ग्रंथालयाचा दंड आणि ग्रंथालयाचा पैसा

सार्वजनिक ग्रंथालयातून घरी नेलेले पुस्तक मुदतीत परत आले नाही, तर दर दिवसामागे ठरावीक विलंब शुल्क आकारले जाते. ते कशासाठी असते आणि ग्रंथालयाचे त्यावर कितपत भागते, हे समजण्यासाठी त्याच्या कारभाराची घडण पाहावी लागते. बेंगळुरू नगर जिल्ह्यातील आनेकल तालुका त्यासाठी चांगले उदाहरण आहे. बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले या औद्योगिक पट्ट्यांशेजारीच येथे शेतीवर जगणारी खेडीही आहेत. नगरपालिका आणि ग्रामपंचायती दोन्ही असल्याने कर्नाटकातील ग्रंथालय व्यवस्थेचे दोन्ही प्रकार या एकाच तालुक्यात दिसतात.

कायदा आणि प्राधिकरण

कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६५ साली झाला आणि १ नोव्हेंबर १९६६ पासून अमलात आला. त्यानुसार राज्य पातळीवर सल्ला देणारे प्राधिकरण असते. प्रत्यक्ष कारभारासाठी मोठ्या शहरांना नगर ग्रंथालय प्राधिकरण आणि जिल्ह्यांना जिल्हा ग्रंथालय प्राधिकरण असते. आनेकल हे बेंगळुरू महानगराच्या हद्दीबाहेरचे शहर असल्याने ते जिल्ह्याच्या व्यवस्थेत मोडते. कोठे शाखा उघडायची, पुस्तकांवर किती खर्च करायचा, याची योजना आणि अंदाजपत्रक प्राधिकरण तयार करते. दैनंदिन काम सरकारच्या सार्वजनिक ग्रंथालय विभागाचे कर्मचारी पाहतात.

खेड्यांतली रचना मात्र २०१९ मध्ये बदलली. राज्यातील साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये ग्रामीण विकास आणि पंचायत राज विभागाकडे सोपवण्यात आली. आता ती ‘अरिवु केंद्र’ या नावाने ओळखली जातात. त्यामुळे आनेकल तालुक्यातील खेड्याच्या वाचनालयाचे नियोजन पंचायत व्यवस्थेतून होते आणि शहरातल्या शाखेचे जिल्हा प्राधिकरणातून.

पैसा कोठून येतो

ग्रंथालयाचे मुख्य उत्पन्न म्हणजे उपकर. घरपट्टी भरताना पावतीवर त्याची वेगळी ओळ असते. सुरुवातीला रुपयामागे तीन पैसे असलेला हा दर पुढे सहा पैसे झाला. पाच हजार रुपये घरपट्टी भरणाऱ्याकडून या दराने तीनशे रुपये ग्रंथालयासाठी घेतले जातात, मग त्याने आयुष्यात ग्रंथालयाची पायरी चढलेली असो वा नसो. उपकर वसूल करते स्थानिक स्वराज्य संस्था, आणि तिने तो ग्रंथालय प्राधिकरणाकडे भरायचा असतो. याखेरीज पुस्तक खरेदीसाठी राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाचे साहाय्य मिळते. केंद्र सरकारने १९७२ मध्ये स्थापन केलेली ही संस्था कोलकात्यात आहे.

आता या रकमेच्या शेजारी विलंब शुल्क ठेवून पाहावे. दिवसाला एक रुपया असा दर धरला आणि पुस्तक महिनाभर उशिरा आले, तरी हाती येतात तीस रुपये. दंडाची पावती फाडणे, वहीत नोंद करणे, हिशेब लेखापरीक्षणाला दाखवणे यात कर्मचाऱ्याचा जो वेळ जातो, त्याचीच किंमत कित्येकदा याहून अधिक भरते. म्हणून जाणते ग्रंथपाल दंडाकडे उत्पन्न म्हणून पाहत नाहीत. पुस्तक परत यावे आणि रांगेतल्या पुढच्या वाचकाला मिळावे, एवढाच त्याचा हेतू असतो.

हरवलेल्या पुस्तकाची भरपाई दंडातून नव्हे, तर अनामत रकमेतून होते. सभासद होताना भरलेली अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते. पुस्तक गहाळ झाल्यास वाचकाने तेच पुस्तक आणून द्यायचे किंवा किंमत भरायची. तरीही काही पुस्तके जातातच, आणि सरकारी हिशेबाने हे मान्य केले आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी धरले जाते. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. एक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ हरवला तर चौकशी करावी लागते. वीस हजारांपर्यंत पुस्तके असलेल्या ग्रंथालयाने साठ्याची पडताळणी दरवर्षी करावी, असेही हे नियम सांगतात. ते केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी असले, तरी कोणत्याही ग्रंथालयाला त्यावरून अंदाज घेता येतो.

दंड नसला तर

दंड हवाच का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगभर विचारला गेला. आयर्लंडने २०१९ च्या आरंभी सार्वजनिक ग्रंथालयांतील विलंब शुल्क बंद केले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शिकागोने आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांनी तेच केले. दंड साचला की गरीब वाचक, विशेषतः मुले, ग्रंथालयात येणेच सोडतात आणि पुस्तकही घरीच राहते, असा त्यांचा अनुभव होता. दंड गेला तरी जबाबदारी गेली नाही. पुस्तक फार काळ आले नाही, तर किंमत वाचकाच्या नावावर पडते आणि नवे पुस्तक मिळणे थांबते.

कर्नाटकानेही मुलांसाठी पैशाची अट दूर केली. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ओदुव बेळकु’ उपक्रमात ग्रामपंचायत ग्रंथालयांचे सभासदत्व मुलांना विनामूल्य देण्यात आले. करोनाने शाळा बंद असताना हाच मुलांचा पुस्तकांशी उरलेला दुवा होता.

नियोजनाची खरी अडचण

ग्रंथालयाची योजना आखताना देवघेवीची नोंदवही हा सर्वांत उपयोगी कागद असतो. कोणती पुस्तके सतत बाहेर असतात, कोणत्या वयाचे सभासद वाढले, कोणती पुस्तके वर्षानुवर्षे हललीच नाहीत, हे त्यातून कळते. आनेकलसारख्या तालुक्यात हे फार महत्त्वाचे आहे, कारण कारखान्यांमुळे इथे कन्नडबरोबर तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारी कुटुंबेही राहतात. पुस्तक उशिरा येण्याचे कारणही नोंदीतून समजू शकते. एकाच पुस्तकाला बरेच वाचक थांबले असतील, तर दंड वाढवण्यापेक्षा आणखी एक प्रत घेणे शहाणपणाचे.

पण योजना कागदावर राहते ती पैशाअभावी. बेंगळुरूच्या पूर्वीच्या एकत्रित महानगरपालिकेकडे ग्रंथालय उपकराची शेकडो कोटींची थकबाकी साचल्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. नागरिकांनी घरपट्टीबरोबर भरलेला पैसा ग्रंथालयापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, आणि मग पुस्तक खरेदी, इमारतीची डागडुजी, रिकामी पदे यांवरच कात्री चालते.

महाराष्ट्रातील वाट वेगळी आहे. ग्रंथालय कायदा करणारे कोल्हापूर हे भारतातील पहिले संस्थान. तो कायदा १९४५ चा. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ साली झाला, पण त्यात उपकर नाही. तेथे बहुतेक सार्वजनिक वाचनालये स्थानिक संस्था चालवतात, सरकार त्यांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान देते, आणि वर्गणी, अनामत, दंड संस्थेचे कार्यकारी मंडळ ठरवते. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचनालय अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहते, तर कर्नाटकातील उपकराची.

दोन्हीकडे वाचकाचा दंड ही हिशेबातली सर्वांत लहान रक्कम आहे. ती माफ केल्याने ग्रंथालय बुडत नाही आणि वाढवल्याने तरत नाही. उपकर किंवा अनुदान वेळेवर मिळणे, हीच नियोजनाची पहिली अट आहे. घरपट्टीच्या पावतीवरील ग्रंथालय उपकराचे पुढे काय होते, हे नगरपालिकेला विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे, आणि तो त्याने वापरायला हवा.