विश्लेषण : भारतातला हेअर ड्रायर अमेरिकेत का चालत नाही?

भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२०, तर जपानमध्ये १००. व्होल्टेज निम्मे झाले की उष्णता निम्मी नव्हे, जवळपास पाव होते. त्यामुळे इथला १२०० वॉटचा ड्रायर अमेरिकेत जेमतेम सव्वातीनशे वॉटवर चालतो. केस वाळता वाळत नाहीत. उलटा प्रवास अधिक धोक्याचा. तिथून कुणी भेट म्हणून आणलेला, फक्त १२० व्होल्टचा ड्रायर इथे साडेतीन पटींहून जास्त वीज ओढतो आणि जळू शकतो. अनेक जण अ‍ॅडॅप्टर घेऊन निर्धास्त होतात, पण तो केवळ पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही.

म्हणून बॅग भरण्यापूर्वी उपकरणावरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिले असेल तर प्रश्न मिटला. स्ट्रेटनरवर हे बऱ्याचदा आढळते, ड्रायरवर क्वचितच. काही ट्रॅव्हल ड्रायरवर व्होल्टेज बदलण्याची छोटी कळ असते, आणि नेमकी तीच फिरवायची राहते!

विमानात वायरच्या ड्रायरला अडचण नसते. गॅसवरचा कर्लर मात्र प्रत्येकी एकच, तापणाऱ्या भागावर घट्ट झाकण असलेला. त्यात भरायचा सुटा गॅस नेता येत नाही. सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेतच ठेवावी लागते. काही विमान कंपन्यांचे नियम याहून कडक असतात.