जागा घेण्यापूर्वी

घर अथवा जमीन विकत घेण्याचा प्रसंग मध्यम स्थितीतील कुटुंबास आयुष्यात बहुधा एकदाच येतो. असे असूनही लुगडे घेताना जितकी चिकित्सा होते, तितकीही पुष्कळदा जागा घेताना होत नाही. ‘भाव काय?’ हा प्रश्न सर्वांच्या आधी विचारला जातो; वास्तविक तो सर्वांत शेवटी विचारावयाचा असतो. त्यापूर्वी कोणते प्रश्न सोडवावे लागतात, हे समजण्यास खुटबावचे उदाहरण उपयोगी पडेल.

खुटबाव हे दौंड तालुक्यातील गाव. पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, यवत आणि केडगाव या स्थानकांच्या मध्ये त्याचे स्थानक आहे. १८५८ साली लोहमार्ग पुण्याच्या पूर्वेस गेला, आणि या पट्ट्यातील गावांकडे शहरवासीयांचे लक्ष वळण्याचे साधन निर्माण झाले. पंडिता रमाबाईंनी शारदासदनास फळबागेचे उत्पन्न मिळावे म्हणून शेजारच्या केडगावी माळरान घेतले, विहिरी खोदल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात व प्लेगात तीच जागा अनाथ मुलींचा आसरा झाली. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजींनी निसर्गोपचाराचे कार्य याच मार्गावरील उरुळी कांचन येथे नेले, कारण गरीब खेडुतास पुण्यातील चिकित्सालय परके वाटे. या दोघांनीही जागेची निवड आपल्या कार्याच्या गरजेवरून केली. गृहस्थानेही हाच क्रम धरणे श्रेयस्कर होय.

पहिला प्रश्न अधिकाराचा. जेथे पैसा आहे तेथे जागा मिळतेच, ही समजूत खरी नव्हे. आखातात नोकरी करणाऱ्या मराठी माणसास हे लवकर कळते. मस्कतमध्ये परदेशीयास घराची मालकी देण्याची वाट २००६ सालच्या फर्मानाने खुली झाली, पण ती ठरावीक पर्यटनवसाहतींपुरती. अबू धाबीत २०१९ पासून परकीयांस पूर्ण मालकी मिळते, तीही रीम, यास, सादियात यांसारख्या नेमून दिलेल्या भागांत. म्हणजे तेथे मोहल्ल्याची निवड प्रथम कायदा करतो, आवडनिवड त्यानंतर.

मायभूमीत तरी हा अडसर नसेल, अशा समजुतीने तोच मनुष्य गावाकडे पैसे पाठवितो, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यान्वये महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. अनिवासी भारतीय स्वतः शेतकऱ्याचा मुलगा असला तरी त्याला शेतजमीन अथवा फार्महाऊस विकत घेण्याची मोकळीक नाही. वारशाने ती त्याजकडे येऊ शकते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास बंधने घातली. त्यांत वेळोवेळी सवलती झाल्या आहेत. म्हणून दलालाने सांगितलेल्या नियमावर न विसंबता व्यवहाराच्या वेळी लागू असलेला नियम तहसील कचेरीत विचारावा. दोन गुंठ्यांचा सौदा कागदावर होतो, पैसे जातात, आणि सातबाऱ्यावर नाव मात्र चढत नाही, अशी अवस्था ओढवू नये.

सातबाराही केवळ मालकाचे नाव पाहून मिटावयाचा नसतो. ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास हस्तांतरास सरकारी परवानगी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा, कुळाचा हक्क अथवा पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा आहे काय, ते पाहावे. वरच्या खोऱ्यांतील धरणग्रस्तांस दौंड तालुक्यात जमिनी दिल्या गेल्या असल्याने असा शेरा येथे अपवादात्मक नाही. जमीन अकृषिक झाली असेल तर तिचा आदेश व मंजूर आराखडा प्रत्यक्ष पाहावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. हा मुलूख पर्जन्यछायेतला. येथील हिरवा ऊस पाहून पाऊस मुबलक असावा असे वाटते; पण ती हिरवळ बव्हंशी खडकवासल्याच्या कालव्याची पुण्याई आहे. हवेली, दौंड व इंदापूर यांस पाणी देणारा हा कालवा आवर्तनांनी वाहतो, आणि आवर्तनाबरोबर आसपासच्या विहिरींची पातळी चढते. म्हणून श्रावणात भरलेली विहीर पाहून संतोष मानू नये. वैशाखात, आवर्तन बंद असताना, तिच्यात डोकवावे. त्या पाण्याची तपासणीही करून घ्यावी. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून याच बाजूस वाहत येते.

तिसरा प्रश्न जमिनीच्या जातीचा. काळी माती पिकास उत्तम, पण घरास वैरीण. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायाच्या भिंतींस तडे देते. घराला मुरूम मानवतो.

चौथा प्रश्न शेजाराचा व वाटेचा. स्थानक जवळ असणे आणि गाडी तेथे थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; लांबच्या गाड्या लहान स्थानकावरून धडधडत निघून जातात. म्हणून रविवारी मोटारीने जाऊन जागा पसंत करण्याऐवजी कामाच्या दिवशी पॅसेंजरने जाऊन, सायंकाळी परत येऊन पाहावे. गळिताच्या हंगामात गुऱ्हाळाचा धूर कोणत्या दिशेस जातो, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता किती अडतो, दवाखाना किती दूर, हेही ध्यानात घ्यावे. उसाच्या फडांत बिबट्याचा वावर वाढला असल्याने गावापासून तुटक, एकाकी जागा वृद्धांस सोयीची नव्हे.

ही सर्व उत्तरे मनाजोगती आली, म्हणजे मग भाव विचारावा. आखातातील मुलगा वर्षानुवर्षे एकटा राहून जी शिल्लक टाकतो, तिच्यात त्याच्या कुटुंबाच्या वियोगाचे दिवसही जमा झालेले असतात. एवढी किंमत मोजून घ्यावयाची जागा, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिल्याखेरीज घेऊ नये. विक्रेता घाई करू लागला, तर ती घाईच आणखी थांबण्याचे कारण समजावे.