हवेची गाळणी

पाणी गाळून पिणे हा आपल्या घराघरांतील पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आहे. माझ्या आजीचे त्याबाबत चार दंडक असत. फडके भांड्याच्या तोंडाहून मोठे असावे. ते दुपदरी आणि घट्ट विणीचे असावे. त्याला कोठे भोक वा फट नसावी. आणि काम झाल्यावर ते गाळलेल्याच पाण्याने खळबळून वाळत घालावे. घरात हवा शुद्ध करणारे यंत्र, म्हणजे एअर प्युरिफायर, आणण्याची वेळ आली तेव्हा हेच चार दंडक पुरेसे होते, हे मला उमगले. पण ते चारही मोडून झाल्यानंतर.

आमचे मूळ घर केशोरीचे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्याचे हे गाव लाल मिरचीसाठी ओळखले जाते. खाली दुकान, वर राहणे, ही आपल्या बहुतेक व्यापारी घरांची रचना आमच्याकडेही आहे. हंगामात मिरची वाळते, देठ खुडले जातात, पोती भरली जातात आणि तो तिखट खकाणा जिन्याने वर चढतो. निवृत्तीनंतर मी थोरल्या बंधूंकडे राहावयास आलो, तेव्हा घरातील सहा वर्षांचा नातू रात्र-रात्र खोकत असे. डॉक्टरांनी दम्याची प्रवृत्ती असल्याचे सांगून औषध सुरू केले आणि धुळीपासून जपण्यास बजावले.

मी उत्साहाने एक स्वस्तातले यंत्र मागवले. ते मुलाच्या उशाशी दोन महिने चालले. निळा दिवा जळे, पंखा फिरे, खोकला मात्र तसाच. एके दिवशी आमच्या सूनबाईंनी पुसण्यासाठी मागचे झाकण उघडले, तर आतील फिल्टर कारखान्यातून आला तसाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद! बहुतेक यंत्रांत फिल्टर असा गुंडाळलेला येतो आणि ती पिशवी काढूनच यंत्र सुरू करावयाचे असते. माहितीपत्रकात तसे लिहिलेलेही होते. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरे तपासणाऱ्या माझ्याकडून घरातले एक झाकण उघडून पाहणे झाले नाही. त्या दोन महिन्यांची किंमत एका लेकराच्या झोपेने चुकती केली, याची बोच आजही आहे.

त्यानंतर मी हा विषय कर्जप्रकरणासारखा मुळापासून तपासला. तो वाचकांपुढे ठेवतो.

पहिला दंडक : आकार

यंत्र खोलीच्या मापाचे हवे. खोक्यावर ‘सीएडीआर’ हा आकडा असतो. यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देते, हे तो सांगतो. १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत १४४० घनफूट, म्हणजे सुमारे ४१ घनमीटर हवा मावते. दम्याच्या रुग्णाच्या खोलीतील हवा तासाला पाचदा गाळली जावी असे धरले, तर सीएडीआर किमान २०५ हवा. हा आकडा बहुधा पंख्याच्या सर्वाधिक वेगाचा असतो आणि त्या वेगाला आवाजही अधिक. रात्री यंत्र मंद चालवावयाचे असेल, तर अडीचशे-तीनशेचे घ्यावे. संपूर्ण घरासाठी एक यंत्र, हा हिशेब जुळत नाही. ज्याला गरज आहे त्याची निजण्याची खोली निवडावी आणि तिची दारे-खिडक्या लावून घ्याव्यात.

दुसरा दंडक : वीण

फुप्फुसात खोल शिरणारे कण २.५ मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाचे असतात. ते पकडण्यासाठी ‘हेपा’ फिल्टर लागतो. त्याचा उगम १९४० च्या दशकातील अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात, किरणोत्सारी कण अडवण्याच्या गरजेतून झाला. खऱ्या हेपाने ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवावेत, अशी अपेक्षा असते. ‘एच-१३’ ही श्रेणीही विश्वासार्ह होय. ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा टाइप’ अशा मोघम शब्दांना भुलू नये. मिरचीचा खकाणा हा कणांचाच असल्याने हेपाचा तेथे उपयोग होतो. फोडणीचा वा रंगाचा वास मात्र वायुरूप असतो. त्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो. ओझोन सोडून हवा शुद्ध करण्याचा दावा करणारी यंत्रे टाळावीत, कारण ओझोन स्वतःच श्वासनलिकेला त्रास देतो.

तिसरा दंडक : फट

झाकण नीट न बसल्यास किंवा फिल्टरभोवतीची रबराची कड सुटल्यास हवा बगलेतून निसटते आणि गाळली जात नाही. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा पडद्यामागे ठेवू नये. चोहोबाजूंनी फूटभर मोकळी जागा असावी. आमच्यासारख्या गावांसाठी आणखी एक परीक्षा : दुकानातच यंत्र सुरू करून वीज बंद-चालू करावी. पुष्कळ यंत्रे वीज गेल्यावर आपणहून पुन्हा सुरू होत नाहीत. रात्री दोनला वीज गेली, तर पहाटेपर्यंत मूल तशाच हवेत निजते.

चौथा दंडक : निगा

येथेच बहुतेकांचा व्यवहार फसतो. यंत्राची किंमत हा केवळ भांडवली खर्च. खरा खर्च आवर्ती आहे. उदाहरणादाखल, १२ हजारांचे यंत्र वर्षाला एकदा २५०० रुपयांचा फिल्टर मागते आणि ७ हजारांचे यंत्र तोच खर्च दर सहा महिन्यांनी मागते, असे समजू. पाच वर्षांत पहिल्याचा खर्च २२ हजार होतो, दुसऱ्याचा २९ हजार ५००. म्हणून आधी फिल्टरची किंमत, आयुष्य आणि तो गोंदिया वा नागपुरात मिळतो की नाही, हे विचारावे. यंत्राचा भाव नंतर. विजेचा भार किरकोळ आहे : ४० वॉटचे यंत्र रोज दहा तास चालल्यास महिन्याला १२ युनिट.

बाहेरची जाळी दर पंधरवड्याला ब्रशने झाडावी. धुण्याजोगी असल्यास धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. हेपा फिल्टर मात्र कधीही धुवू नये. पाण्याने त्याचे तंतू बिघडतात. नवा फिल्टर बसवताच त्याच्या कडेवर तारीख लिहावी. कंपनी वर्षाचे आयुष्य सांगत असली, तरी मिरचीच्या किंवा धानाच्या धुळीत ते लवकर संपते. फिल्टर करडा-काळा दिसू लागला, हवेचा झोत मंदावला किंवा पावसाळ्यात कुबट वास आला, की बदलावा. आम्ही दिवाळीला नवी वही घालताना आणि हंगाम संपताना, अशी दोनदा तपासणी ठरवली आहे.

एक गोष्ट या सर्वांच्या आधीची. पाणी गाळण्यापूर्वी विहिरीत घाण टाकणे थांबवावे लागते. आम्ही जिन्याखालची पोती गोदामात हलवली, जिन्याला दार बसवले, स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारा पंखा लावला आणि निजण्याच्या खोलीतील अगरबत्ती बंद केली. खोकला निम्मा तेथेच उतरला. उरलेले काम योग्य मापाच्या दुसऱ्या यंत्राने केले. आणखी एक इशारा : बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यास निर्माण होणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड कोणतेही घरगुती यंत्र काढू शकत नाही. थंडीत हे विसरू नये.

नातवाचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच आहे. यंत्र हा औषधाचा पर्याय नव्हे. परंतु आता तो बहुतेक रात्री सलग झोपतो. फिल्टरवर तारीख घालण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे. मागील खेपेस वाकड्यातिकड्या अक्षरांत तारीख लिहून त्याने मला विचारले, “आजोबा, पिशवी काढली ना?”

मी झाकण पुन्हा उघडून त्याला दाखवले.