स्की-टाउनला राहायला जायचंय आणि घरात टीनएजर आहे: गाव कसं निवडायचं?

या आठवड्याच्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकायला जमलं नाही किंवा ऐकलेलं पुन्हा शांतपणे वाचायचंय, त्यांच्यासाठी. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

प्रश्न काय आहे

न्यू जर्सीतून एका श्रोत्यांचा मेल आलाय. ते म्हणतात, "ताई, मुलगी आठवीत आहे. आमच्या दोघांचंही काम आता घरून चालतं. दर हिवाळ्यात आठवडाभर स्कीइंगला जातो आणि परत येताना जीव नकोसा होतो. या उन्हाळ्यात थेट डोंगरातच राहायला जावं असं चाललंय. दरवर्षी तीन महिने पुण्याहून आई-बाबा येतात. कुठलं गाव घ्यावं?"

या प्रश्नावर इंटरनेटवर ढीगभर याद्या मिळतात. बर्फ किती पडतो, लिफ्ट किती, स्लोप किती. पण त्या याद्या सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी असतात. राहायला जाणाऱ्यानं, आणि त्यातही टीनएजरला घेऊन जाणाऱ्यानं, एकच प्रश्न आधी विचारावा: नोव्हेंबरमधल्या एखाद्या मंगळवारी, दुपारी साडेतीनला शाळा सुटल्यावर, माझं मूल माझ्या गाडीशिवाय कुठे जाऊ शकेल?

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाहीये. आम्ही हीच चूक केली.

आमचं काय चुकलं

२०२१ मध्ये आम्ही बे एरियातून एका स्की-टाउनला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. लिफ्टपासून चालत पाच मिनिटांवर घर मिळालं म्हणून आम्ही हरखून गेलो. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत जाणारा. शाळा घरापासून बारा मैलांवर. बस होती, पण ती पर्यटकांच्या वेळांवर चालायची.

डिसेंबर छान गेला. जानेवारीत लक्षात आलं की आमच्या रांगेतल्या बहुतेक घरांत सोमवार ते गुरुवार दिवेच लागत नाहीत. ती सगळी सेकंड होम्स. मुलाच्या वर्गातली मुलं खाली गावात राहायची, एकमेकांकडे चालत जायची. हा मात्र शाळेतून आला की खोलीत. एकदा जेवताना म्हणाला, "आई, तुझी मीटिंग संपल्याशिवाय मला कुठेही जाता येत नाही." तोवर मला वाटत होतं, त्याला बर्फ आवडत नाहीये!

पुढच्या ऑगस्टमध्ये आम्ही खाली गावात, शाळेजवळ, लहान भाड्याच्या घरात आलो. डोंगर तोच, शाळा तीच. मुलगा बदलला. म्हणून आजचं सगळं बोलणं त्या मंगळवारच्या भोवती.

पहिली चाळणी: उंची

आपल्याकडे कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिजचा मुख्य रस्ताच २९०० मीटरच्या वर आहे, म्हणजे ९६०० फूट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो. श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी. तरुण माणूस काही दिवसांत बऱ्यापैकी रुळतो, तरी झोप नीट न लागणं, डोकं दुखणं हे सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं. पुण्याहून सत्तरी ओलांडलेले आई-बाबा तीन महिने येणार असतील, आणि त्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, तर हा विषय तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलायचा.

सगळी स्की-टाउन्स इतकी उंच नसतात. युटातलं पार्क सिटी साधारण ७००० फुटांवर, कोलोरॅडोतलं स्टीमबोट स्प्रिंग्ज ६७०० च्या आसपास, कॅलिफोर्नियातलं ट्रकी ५८०० आणि ऑरेगनमधलं बेंड फक्त ३६००.

दुसरी चाळणी: गाव आहे की रिसॉर्ट?

काही ठिकाणी आधी गाव होतं, मग स्कीइंग आलं. काही ठिकाणी आधी लिफ्ट उभ्या राहिल्या, मग घरं. टीनएजरसाठी हा फरक फार मोठा आहे. जिथे सुतार, नर्स, शिक्षक, शेतकरी राहतात तिथे त्यांची मुलंही राहतात.

स्टीमबोट हे गुरं पाळणाऱ्यांचं जुनं गाव. तिथली हॉवेल्सन हिल ही टेकडी गावाच्या नगरपालिकेच्या मालकीची आहे, अगदी डाउनटाउनला लागून. १९१५ पासून तिथे स्कीइंग चालू आहे. मुलं शाळा सुटल्यावर तिथे जातात, जशी आपल्याकडची मुलं मैदानावर जातात. गावात बस फुकट आहे. अशा गावात तो मंगळवारचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. पण डेन्व्हर तीन तासांवर, वाटेत रॅबिट इअर्स पास हा घाट आणि तोही हिवाळ्यातला. ऑर्थोडॉन्टिस्टपलीकडचा एखादा स्पेशालिस्ट लागला तर पूर्ण दिवस जातो.

ट्रकी रेल्वेचं गाव. आजही शिकागोहून येणारी अ‍ॅमट्रॅकची गाडी तिथे थांबते. रीनोचा विमानतळ पाऊण तासाच्या आत. पण बर्फ म्हणजे बर्फ: २०२२-२३ च्या हिवाळ्यात शेजारच्या डॉनर खिंडीजवळच्या प्रयोगशाळेत ७५४ इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे १९ मीटर. अशा वर्षी शाळा बंद, हायवे बंद आणि छतावरचा बर्फ उतरवायला माणूस मिळत नाही.

पार्क सिटी चांदीच्या खाणींचं गाव. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या बऱ्याच स्पर्धा तिथे झाल्या. साल्ट लेक सिटीचा मोठा विमानतळ पाऊण तासाच्या आत, बस फुकट. किराणा, देऊळ, स्पेशालिस्ट डॉक्टर, सगळं डोंगर उतरलं की मिळतं. गावात घरं मात्र भयंकर महाग.

बेंड तर जवळजवळ एक लाख वस्तीचं शहरच आहे. माउंट बॅचलर २२ मैलांवर. लिफ्टच्या दारात राहण्याची मजा तिथे नाही, पण चार मोठी पब्लिक हायस्कूल्स आहेत. एका शाळेत जमलं नाही तर गाव सोडावं लागत नाही.

तिसरी चाळणी: शाळा, आणि त्याहून जास्त वेळ

अमेरिकेत कॉलेजला जाणारे मार्क नववीपासून मोजले जातात. त्यामुळे आठवी संपल्यावरचा उन्हाळा हा हलण्यासाठी सगळ्यात सोयीचा. नववीच्या पहिल्या दिवशी सगळेच थोडे नवे असतात. दहावीतही जमतं. अकरावीत हलवू नका, अगदीच इलाज नसेल तर सोडून. त्या वर्षी एपीचे विषय, एसएटी आणि शिफारसपत्रं देणारे शिक्षक, हे सगळं एकदम येतं. शिवाय प्रत्येक राज्याच्या पदवीच्या अटी वेगळ्या. उदाहरणार्थ, युटात आर्थिक साक्षरतेचा विषय सक्तीचा आहे.

शाळेला तीन गोष्टी विचारा. एक, गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? महाग गावांत शिक्षकांनाच घर परवडत नाही, त्यामुळे हा प्रश्न आडवळणाचा वाटला तरी खरा आहे. दोन, कुठले एपी विषय दरवर्षी घेतले जातात आणि कुठले मुलं जमली तरच? तीन, स्की न करणारी मुलं शाळेनंतर काय करतात?

तिसऱ्या प्रश्नाचं कारण सांगते. पार्क सिटीत अशी एक शाळा आहे जी एप्रिल ते नोव्हेंबर चालते, म्हणजे हिवाळाभर मुलांना सराव करता यावा! तुमची मुलगी वर्षातून एक आठवडा स्कीइंग करते. तिथली मुलं तीन वर्षांची असल्यापासून करतात. न्यू जर्सीत ती वर्गात 'स्कीइंग येणारी' असेल, इथे ती नवशिकी ठरेल. तिला व्हायोलिन, नाटक, रोबोटिक्स, काहीतरी दुसरं हवं, आणि ते गावात असायला हवं.

गाडी, पैसे, आग

"सोळाव्या वर्षी लायसन्स मिळेल की!" मिळेल. पण मी नाव घेतलेल्या चारही राज्यांत नव्या ड्रायव्हरला पहिले सहा महिने ते वर्षभर मित्रांना गाडीत बसवण्यावर बंधनं असतात. आणि बर्फात, घाटात, रात्री सोळा वर्षांचं मूल गाडी चालवतंय ही कल्पना करून बघा. म्हणून बस आणि चालण्याजोगं अंतर.

पैशाचं म्हणाल तर स्कीइंगचा खर्च सीझनच्या आधी पास घेतला तर आटोक्यात येतो. ब्रेकेनरिज आणि पार्क सिटी माउंटन एपिक पासवर, स्टीमबोट आयकॉनवर. खरा खर्च घराचा आणि विम्याचा. २०२१ मध्ये कॅल्डोर वणव्यामुळे साउथ लेक टाहो हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं होतं. कॅलिफोर्नियात जंगलालगतच्या घरांना विमा मिळणं अवघड झालंय. घर आवडलं की ऑफर देण्याआधी विम्याचा आकडा मागवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धुराचे दिवस असतात, घरात दमेकरी असेल तर तेही धरा.

आपल्या लोकांसाठी खास

हे कुठल्याही स्की मासिकात मिळणार नाही. तुम्ही एच-१बी वर असाल, तर 'काम घरूनच आहे, कुठूनही करीन' असं चालत नाही. घर हेच कामाचं ठिकाण धरलं जातं. दुसऱ्या महानगर क्षेत्रात हलायच्या आधी कंपनीला सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. आधी वकील, मग ट्रक.

मुलगी एच-४ वर असेल तर तिला नोकरी करता येत नाही. स्की-टाउनमध्ये मुलांची निम्मी मैत्री रेंटल शॉपमध्ये, कॅफेत, लहान मुलांना शिकवताना होते. त्या जगाचं दार तिला बंद असेल. हे तिला आधी सांगा, तिथे गेल्यावर कळू देऊ नका.

कॉलेजचं गणितही मांडा. राज्याच्या विद्यापीठात स्थानिक फी मिळण्यासाठी साधारणपणे १२ महिन्यांचं वास्तव्य लागतं, व्हिसावर असाल तर नियम विद्यापीठाकडून लेखी घ्या. पश्चिमेकडच्या राज्यांची एक योजना आहे. तिच्यात शेजारच्या राज्यांतल्या निवडक कॉलेजांत स्थानिक फीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेत नाहीत. न्यू जर्सी त्यात नाही. चार वर्षांचा हिशेब केला तर घराच्या किमतीतला फरक थोडा हलका वाटतो.

आणि एक नाजूक गोष्ट. डोंगराळ पश्चिमेकडच्या राज्यांत आत्महत्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. सुंदर जागी राहतोय म्हणजे आनंदी असलंच पाहिजे, हे ओझं मुलांवर येतं. त्यात वर्गात आपल्यासारखी दिसणारी दोनच मुलं. शाळेत समुपदेशक किती मुलांमागे एक आहे ते विचारा. कधी गरज वाटली तर ९८८ या नंबरवर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो. मुलांना तो नंबर माहीत असू द्या.

मग उत्तर काय?

न्यू जर्सीच्या दादांना माझं सांगणं असं: आई-बाबांमुळे ब्रेकेनरिज यादीत शेवटी. आधी बेंड आणि पार्क सिटी बघा, मग ट्रकी. स्टीमबोट मला सगळ्यात आवडतं, पण मोठ्या हॉस्पिटलचं अंतर मनाला पटलं तरच.

आणि बघायला फेब्रुवारीत जाऊ नका. फेब्रुवारीत प्रत्येक स्की-टाउन नवरीसारखं सजलेलं असतं. एप्रिलच्या शेवटी जा, लिफ्ट बंद झाल्यावर. याला तिथले लोक मड सीझन म्हणतात: बर्फ वितळतोय, चिखल झालाय, निम्मी हॉटेलं बंद. मंगळवारी शाळा सुटायच्या वेळी गावात उभे राहा आणि मुलं कुठे जातात ते बघा. रात्री आठला, जे घर घ्यायचंय त्या गल्लीतून चक्कर मारा आणि दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. लेकीला बरोबर न्या, आणि परतीच्या विमानात आधी तिला बोलू द्या.

आमचा मुलगा आता कॉलेजात आहे. हिवाळ्याच्या सुट्टीत घरी येतो, स्की फारशी करत नाही. संध्याकाळी मात्र घरात सापडत नाही, मित्रांकडे चालत गेलेला असतो.

चला, तुमचे अनुभव, तुमची गावं नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!