निदान आधी, पथ्य मग
दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव दुर्मिळ झाला. गव्हामुळे काही मुलांचे पोट कायमचे बिघडते, हा बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा जुना संशय त्या टंचाईने दृढ झाला आणि १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो सप्रमाण मांडला. सीलिअक नावाच्या या विकारात गहू व जव यांतील ग्लूटेनमुळे शरीराची संरक्षक यंत्रणाच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. जुलाब, पंडुरोग, खुंटलेली वाढ ही त्याची फळे. आज रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी व आवश्यक तेथे आतड्याच्या सूक्ष्म तुकड्याची परीक्षा करून निदान करता येते. परंतु ऐकीव सल्ल्याने गहू आधीच सोडला, तर दोन्ही चाचण्या फसव्या ठरू शकतात. निदान पक्के झाल्यावर मात्र पथ्य आजन्म पाळावे लागते. भात व नाचणी निर्धोक असल्याने गोमंतकीयांना ते सोपे वाटेल. पण सकाळचा पाव, मासळीला लावलेला रवा, इतकेच काय, हिंगात मिसळलेले गव्हाचे पीठही वर्ज्य होय. घरच्या मंडळींनी याला रोग्याची लहर समजू नये. या विकारावर आज तेच एक खात्रीचे औषध आहे.