पुनर्वसन चिकित्सकाचा शोध कसा घ्यावा?



पक्षाघात, अपघात किंवा मणक्याची शस्त्रक्रिया यांतून रुग्णाचे प्राण वाचतात व तो घरी येतो. परंतु खाटेवरून उठणे, चालणे, स्वहस्ते जेवणे हे त्याला पुन्हा कोण शिकविणार, असा प्रश्न पेडणे व डिचोली तालुक्यांतील अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. त्याविषयी काही माहिती आम्ही येथे देत आहोत.

या कामी दोन प्रकारचे जाणकार असतात. फिजिओथेरपिस्ट व्यायाम करवून घेतात. भौतिक चिकित्सा व पुनर्वसन तज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. नंतर याच विषयात एम.डी. किंवा डी.एन.बी. झालेले डॉक्टर असतात. स्नायूंचा ताठरपणा, वेदना, लघवीवरील ताबा, आधारपट्ट्या, कृत्रिम अवयव या सर्वांचा एकत्रित विचार करून ते उपचारांची दिशा ठरवितात. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या उपचारांतून ही शाखा विशेष वाढीस लागली.

असे तज्ज्ञ संख्येने थोडे आहेत. म्हणून शोध रुग्णालयातून घरी येण्यापूर्वीच सुरू करावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पुनर्वसनासाठी लेखी शिफारस मागून घ्यावी. ती चिठ्ठी व सर्व कागदपत्रे घेऊन बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. खासगी डॉक्टरांची पदवी व वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये. गुंतागुंतीच्या प्रकरणी मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पेडणे व थिवी स्थानकांवरून कोकण रेल्वेने मुंबईस जाता येते.

तज्ज्ञांची भेट महिन्यातून एकदा झाली, तरी व्यायाम नित्य हवा. त्यासाठी गावाजवळचा फिजिओथेरपिस्ट व घरातील एक शिकलेला हात पुरेसा ठरतो. रुग्णाला उठविताना लुळा हात ओढू नये, खांदा दुखावतो. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, अन्यथा पाठीस जखमा होतात.

पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वाधिक वेगाने होते. हा काळ केवळ मालिशीत किंवा "आपोआप बरे होईल" या आशेवर दवडू नये. मात्र ज्यांचा तो काळ निघून गेला, त्यांनीही निराश होऊ नये. प्रयत्नाने पुढेही सुधारणा होते.

आपल्या वाड्यावर असा कोणी रुग्ण असल्यास ही माहिती त्याच्या घरी अवश्य पोहोचवावी, ही नम्र विनंती.